"मॅडम, याने पुढचं ऐकून टाकलं"

"मॅडम, याने पुढचं ऐकून टाकलं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

समुपदेशनाच्या खोलीत डोळे भरून यायची कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. सासू, पैसे, दारू, मोबाइलमधले मेसेज. ऑडिओबुकची पुढची प्रकरणं नवऱ्याने एकट्याने ऐकली म्हणून रडणारी मात्र ही पहिलीच. तो शेजारच्या खुर्चीत छताकडे बघत बसला होता. एवढ्यासाठी आपण रजा टाकून आलो, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

नावं बदलण्याऐवजी मी ती गाळतेच. दोघांची परवानगी घेतली आहे, काही तपशीलही बदलले आहेत. तो चाकणच्या एका कारखान्यात, ती शाळेत शिक्षिका. घर चिंचवडला, लग्नाला 11 वर्षं. त्याची आई चिपळूणजवळच्या गावी एकटी राहते. त्यामुळे महिन्यातून एकदा शनिवारी पहाटे गाडी काढायची. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून घर. रविवारी जेवून परत. एका वेळचे पाच-साडेपाच तास. मुलगी बहुतेक वेळा तिच्या आजोळी थांबते, म्हणजे गाडीत दोघंच.

ऐकायला सुरुवात झाली ती या गाडीत. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे ऑडिओबुकचं अ‍ॅप भारतात आलं ते मराठी पुस्तकं घेऊनच, आणि त्यानंतर वाचायला वेळ नाही म्हणणारी कितीतरी घरं कानाने वाचायला लागली. माझ्याकडे येणारी जोडपीही त्यात आहेत. म्हणून हल्ली एक शंका वेगवेगळ्या तोंडून कानावर येते: आम्ही एकत्र पुस्तक ऐकतो, पण बोलत नाही. हे जवळ येणं झालं की शेजारी बसून लांब राहणं?

मला विचाराल तर या प्रश्नाचं सरसकट उत्तर नाही. या दोघांची गोष्ट सांगते.

त्यांनी तीसेक तासांची एक ऐतिहासिक कादंबरी लावली होती. बाविसाव्या प्रकरणावर प्रवास संपला. पुढच्या आठवड्यात निवेदकाचं नाव बघायला म्हणून तिने आपल्या फोनवर अ‍ॅप उघडलं. खातं दोघांचं एकच. पुस्तक एकतिसाव्या प्रकरणावर उभं होतं. ती काहीच बोलली नाही. पुढच्या महिन्यात तेविसावं प्रकरण लागलं तेव्हा तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत राहिला. घाटात एका विनोदी प्रसंगाला तो अर्धा क्षण आधी हसला, आणि तिने काच खाली करून तोंड बाहेर वळवलं.

"कंपनीच्या बसमध्ये रोज तास जातो," तो म्हणाला. "दीडपट वेगाने ऐकलं. उत्सुकता होती. यात विश्वासघात वगैरे काय आहे?"

मी तिला विचारलं, नेमकं काय लागलं? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे बाबांना यायला उशीर झाला तरी आई जेवायची थांबायची. ते मला तेव्हाही पटायचं नाही. हा जेवून आला असता तर मी काही बोलले नसते. पण हा बाहेर जेवून आला, वर माझ्या ताटासमोर बसून भूक लागल्याचं नाटक केलं."

तो छताकडून खाली बघायला लागला.

इथे माझीच एक चूक सांगायला हवी. पहिल्या भेटीनंतर मी त्यांना गृहपाठ दिला: रोज रात्री वीस मिनिटं एकत्र ऐका, मग दहा मिनिटं त्यावर बोला. कागदावर छान दिसतं हे. दोन आठवड्यांनी दोघं आले ते जास्तच चिडलेले. ती शिक्षिका, तिने प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली, आणि दहा मिनिटांची तोंडी परीक्षा झाली. तिसऱ्या दिवशी तो ऐकता ऐकता झोपून गेला. तिने त्याचाही अर्थ लावला. (झोपेबद्दल एक सांगते, कारण ती तक्रार माझ्याकडे फार येते. दिवसभर राबलेला माणूस काळोखात, आडवा पडून, शांत आवाज ऐकत असेल तर तो झोपणारच. त्यात तुमचा अपमान नाही. रात्रीचं पुस्तक वेगळं ठेवा, ज्यातलं काही चुकलं तरी बिघडत नाही असं.)

तिसऱ्या भेटीत मी गृहपाठाचा नाद सोडला. म्हटलं, इथेच ऐका. त्याचा फोन टेबलावर ठेवला, स्पीकर चालू, जिथे राहिलं होतं तिथून. मी वहीत बघत बसल्यासारखं केलं. बारा मिनिटांत तिने चारदा पुस्तक थांबवलं. एकदा एका शब्दासाठी, एकदा तिच्या मावशीची आठवण आली म्हणून, दोनदा नुसतं "बघ ना, कसा वागतो हा!" म्हणायला. प्रत्येक वेळी त्याचा जबडा आवळला जायचा. चौथ्या वेळी तो म्हणाला, "अगं, आधी होऊ दे की पुरं!"

मग मी दोघांना विचारलं, लहानपणी तुमच्या घरात ऐकणं कसं असायचं?

त्याच्या घरी रेडिओ होता. रात्री श्रुतिका लागली की वडील हात वर करायचे. त्यानंतर घरात कोणी हुं की चूं करायचं नाही. मध्ये बोललेला संवाद गेला तो गेला, रेडिओ काही मागे जात नाही. 1955 मध्ये पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा घरोघरी लोक असेच चिडीचूप बसून ऐकत, अशा आठवणी जुनी माणसं सांगतात. त्याच्या वडिलांनी तीच शिस्त पुढे चालवली होती. त्याच्या लेखी गप्प राहणं हाच ऐकण्यातला आदर.

तिच्या घरी आजी श्रावणात कहाण्या सांगायची. आटपाट नगर होतं म्हटलं की समोरच्याने हुंकार द्यायचा. हुंकार नाही आला तर आजी थांबायची: "झोपलात काय गं?" मध्येच कोणी विचारायचं, राजाला दोन राण्या का? आजी उत्तर द्यायची, शेजारच्या काकू स्वतःचं काहीतरी जोडायच्या, आणि साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी संपेपर्यंत चहाची वेळ व्हायची. तिच्या लेखी मध्ये बोलणं हेच ऐकत असल्याचं लक्षण.

म्हणजे ती हुंकार देत होती आणि त्याला तो व्यत्यय वाटत होता. तो मान ठेवून गप्प होता आणि तिला ते तुटलेपण वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. दोघांनी एकमेकांचं ऐकलं आणि तीच हसायला लागली.

जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने नवविवाहित जोडप्यांचा अभ्यास केला होता. एकाने छोटीशी साद घातली, म्हणजे "ते पक्षी बघ" इतकीच, की दुसरा काय करतो? सहा वर्षांनी ज्यांचा संसार टिकून होता त्यांनी शंभरातल्या 86 सादांना प्रतिसाद दिलेला होता. जे वेगळे झाले त्यांनी 33. हे आकडे मी कोणाला मोजपट्टी म्हणून देत नाही, नाहीतर लोक घरी हिशेब मांडून बसतात. त्याला एवढंच दाखवलं की पुस्तक थांबवणारं तिचं बोट ही साद आहे. तो म्हणाला, "पण मग मी पुस्तक कधी ऐकू?" रास्त होतं त्याचं. म्हणूनच तो बसमध्ये पुढे गेला होता. गोष्ट त्याला अखंड हवी होती आणि गाडीत ती मिळत नव्हती.

इथे प्रकरण मिटलं असं मला वाटलं होतं. मी फाइलवर तसं लिहिलंही. पण उठता उठता ती म्हणाली, "येतानाचं काय?"

येताना म्हणजे गावाहून निघताना. सासूबाई अंगणाच्या कडेला उभ्या राहून हात हलवतात. गाडी गल्लीतून डांबरी रस्त्याला लागायच्या आत तो पुस्तक चालू करतो. तिला बोलायचं असतं: आईंचा गुडघा, जिन्यावरून घसरल्या ते, त्यांना चिंचवडला आणायचं का. आणि गाडीत निवेदकाचा धीरगंभीर आवाज. "मी पुस्तक थांबवते ना, ते पुस्तकासाठी थांबवतच नाही दर वेळी," ती म्हणाली. "तेवढीच फट मिळते."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आईला तिथे उभी बघून निघालो की मला बोलता येत नाही. बोललो तर गाडी चालवता येणार नाही."

अकरा वर्षांत त्याने हे तिला सांगितलं नव्हतं.

तर पुस्तक आडपडदा होऊ शकतं का? होऊ शकतं. वर्तमानपत्र होतं, टीव्ही होतो, पुस्तकही होतं. पण आडोसा घेणारा माणूस दर वेळी समोरच्याला टाळत असतो असं नाही; कधी तो स्वतःला सावरत असतो. आडोसा हिसकावून घेतला तर तो उघडा पडतो, बोलका होत नाही. म्हणून मी "प्रवासात पुस्तक बंद" असं सांगितलं नाही. त्यांनीच ठरवलं: येताना घाट चढून कोयनानगर येईपर्यंत काही लावायचं नाही. बोलायचंच असंही नाही. तिथे चहाला थांबायचं. आईचा विषय काढायचा असेल तर गाडी उभी असताना, चहा हातात असताना. त्यानंतर पुस्तक.

बाकीच्या तडजोडी किरकोळ होत्या, पण मला त्याच कामाच्या वाटतात. खाती दोन केली, म्हणजे कोण कुठवर पोचलं याची पाळत संपली. त्याच्या बसचं पुस्तक वेगळं, गाडीचं वेगळं. गाडीत साध्या वेगाने, कारण दीडपट वेगात हुंकाराला जागा राहत नाही. कादंबरीऐवजी अर्ध्या-पाऊण तासाच्या कथा. माझं तर मतच आहे की जोडप्याने सुरुवात मोठ्या कादंबरीने करूच नये. साडेतीनशे-चारशे पानांचं पुस्तकही ऐकायला दहा-बारा तास सहज घेतं, आणि तेवढा काळ दोघांची ओढ सारखी राहणं कठीण असतं. कथा आवडली नाही तर दुसरी लावता येते, कादंबरी अर्ध्यावर सोडताना मात्र कोणीतरी हरल्यासारखं होतं. कथेच्या मध्ये तिने एकदाच थांबवायचं, बाकीचं शेवटी. ही अट तिने स्वतःच घातली आणि माझ्या माहितीप्रमाणे पहिल्याच प्रवासात मोडली.

चार महिन्यांनी दोघं भेटायला आले. गुडघ्याच्या तपासणीसाठी आईंना पुण्याला आणलं होतं. येताना त्या मागच्या सीटवर होत्या. आईंनाही ऐकवावी म्हणून दोघांनी हौसेने एक ग्रामीण कथा निवडून ठेवली होती आणि त्या दिवशी घाट चढायच्या आधीच लावली. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मागून आवाज आला, "तो बाबा बोलतोय तो बंद करा आधी. मला गाडी लागते."

बंद केला. मग आईच बोलायला लागल्या, म्हणाली ती, ते थेट उंब्रजपर्यंत. आणि हा गाडी चालवताना चक्क हुंकार देत होता.

कादंबरीचं विचारलं. त्याची केव्हाच संपली आहे. तिची सव्विसाव्या प्रकरणावर अडली आहे, आणि शेवट काय होतो ते तिने त्याला अजून विचारलेलं नाही.