डिस्क गेली तरी मशीन चालू आहेत, पण रीबूट करू नका

भोसरीच्या कारखान्यात तीन होस्टांचं (म्हणजे सर्व्हरांचं) व्हीसॅन, म्हणजे त्यांच्या डिस्क जोडून केलेली व्हीएमवेअरची सामायिक साठवण, एका होस्टची डिस्क काल रात्री गेली, त्यांवरची व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेले संगणक) मात्र सगळी चालू. तर राहिलेले अपडेट लावून एकेक होस्ट रीबूट करू का, असं तुम्ही विचारलंय.

अजिबात नको. आधी बॅकअप घ्या, तोही व्हीसॅनच्या बाहेर, साध्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर) चालेल. त्याच व्हीसॅनच्या साठ्यावर घेतलेला स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची नोंद) म्हणजे बॅकअप नव्हे.

तुमच्याकडे दोन होस्टांवर डेटाची एकेक प्रत आणि तिसऱ्यावर विटनेस (डेटा नसलेला, फक्त कौल देणारा छोटा भाग) अशी वाटणी असणार. गेलेल्या डिस्कवर जे होतं, त्याची आता एकच प्रत उरली. ती ज्या होस्टवर आहे तो रीबूटला गेला, की तुमचं ईआरपी (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) तिथंच थांबेल.

मग बघा, डिस्क कॅशची (वेगासाठी पुढे लावलेली) की कपॅसिटीची (डेटा कायम ठेवणारी). डिस्क ग्रुपवाल्या व्हीसॅनमध्ये, म्हणजे एका कॅश डिस्कमागे काही कपॅसिटी डिस्क असा गट असतो तिथं, कॅशची गेली, की अख्खा ग्रुप जातो. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच ठेवणं) चालू असेल तर कपॅसिटीची एक गेली तरी तेच. त्याच होस्टवर दुसऱ्या चांगल्या डिस्कवर जागा असेल तर नवी प्रत आपोआप तयार होते. नसेल तर नवी डिस्क येईपर्यंत एकाच प्रतीवर राहायचं. चौथा होस्ट घ्या असं मी सगळ्यांना सांगतो, ते यासाठीच.

डिस्क काढून परत खोचून बघू नका. बिघडलेली डिस्क ‘डिग्रेडेड’ धरली जाते आणि दुरुस्ती लगेच सुरू होते. ओढून काढली की ‘ॲबसेंट’ होते आणि व्हीसॅन 60 मिनिटं तिची वाट पाहत बसतं.

चाकणला एकदा खराब डिस्क काढायला सांगताना मी फोनवर ‘तिसरा सर्व्हर’ म्हणालो. मी वरून मोजत होतो, तिथल्या मुलानं खालून मोजलं. चांगल्या सर्व्हरची डिस्क बाहेर आली आणि डेटाबेस बंद पडला. परत बसवल्यावर डेटा मिळाला, पण तोवर माझे हात थरथरत होते. तेव्हापासून मी आधी त्या डिस्कचा लोकेटर (ओळखीचा) दिवा लावतो, सीरियल नंबर वाचून घेतो आणि फोटो आल्याशिवाय ‘काढ’ म्हणत नाही.

नवी डिस्क व्हीएमवेअरच्या कंपॅटिबिलिटी यादीतलीच (व्हीसॅनला चालणाऱ्या डिस्कच्या) घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत मिळते ती डेस्कटॉपची एसएसडी कॅशला लावू नका.

उद्या गुरुवार, तुमच्याकडे देखभालीसाठी वीज जाऊ शकते. जनरेटरचं डिझेल आजच बघून ठेवा. रिसिंक (नवी प्रत भरण्याचं उरलेलं काम) शून्यावर आलं की व्हीसॅनच्या हेल्थ तपासणीचा स्क्रीनशॉट इथं टाका, अपडेटचं मग बघू.