आयपीए पहिल्यांदाच हाताळायलास? मग हे वाच

भावा, उद्यमबागेतल्या कारखान्यात नवीन लागलायस आणि पार्ट पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) दिलंय म्हणतोस, घाबरू नको, पण पाण्यासारखं दिसतंय म्हणून पाणी समजू नको. फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासनं वाफ पेट घेऊ शकते) साधारण 12 डिग्री, म्हणजे आपल्या बेळगावात थंडीतसुद्धा दुपारी त्याची वाफ एका ठिणगीनं पेट घेते. आणि ती वाफ हवेच्या दुप्पट जड, जमिनीवरनं सरकत जाते, त्यामुळं ग्राइंडर लांब हाय की असं म्हणून चालत नाही.

सुरवातीला एवढं कर:
- लागेल तेवढंच घे, झाकण लगेच लाव.
- खिडक्या उघड्या ठेव, कापडी मास्क वाफ अडवत नाही.
- भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात.
- बाटलीवर नाव लिही. मी पहिल्या वर्षी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवलेलं, मेस्त्रीनं तोंडाला लावलीच होती, वासानं वाचला, मग मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डोळ्यात उडालं तर 15 मिनिटं पाण्यानं धू, मग डॉक्टर. स्वस्त पडतं म्हणून कोणी मेथॅनॉल दिलं तर सरळ नाही म्हण, ते कातडीतनंही आत जातं आणि डोळे घालवतं. ड्रममधनं काढायचं, अर्थिंगचं वगैरे नंतर सांगतो, तोवर ड्रमला एकटा हात लावू नको.