‘कळवतो’ म्हणाले आणि गप्प झाले

प्रिय मैत्रिणी,

मुलाखतीच्या तीन फेऱ्या झाल्या. मधे घरून एक मोठं काम करून आणायला सांगितलं, ते तू रात्री जागून केलंस. शेवटच्या फेरीत साहेब उशिरा आले, निम्मा वेळ मोबाइलमध्ये डोकं घालून बसले आणि उठताना म्हणाले, ‘दोन दिवसांत कळवतो.’ त्याला महिना उलटला. ना फोन, ना मेल. तू विचारतेस, ‘ताई, माझं काय चुकलं?’

पगार जास्त सांगितला का, त्या एका प्रश्नाला अडखळले म्हणून का, अशी स्वतःची उलटतपासणी तू पानभर केली आहेस. ती थांबव. त्यांच्या गप्प बसण्यावरून तुझ्या लायकीबद्दल काहीच कळत नाही.

भरती आतून कशी चालते ते सांगते. पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर जाते. तो हो म्हणाला तरी त्याचा नोटीस पिरियड असतो, काही ठिकाणी तो ९० दिवसांचाही असतो. तो ऐनवेळी फिरला तर हाताशी कोणी असावं म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला होकारही देत नाहीत आणि नकारही. कधी मंजूर झालेली जागाच गोठवली जाते. कधी आतलं माणूस आधीच ठरलेलं असतं आणि मुलाखती केवळ नियमापुरत्या होतात. एचआरलाही वरून उत्तर आलेलं नसतं, मग ते फोन टाळतात.

यातलं काहीही त्यांच्या वागण्याचं समर्थन नाही. तीन फेऱ्या घेऊन दोन ओळींचा नकार न पाठवणं हा असभ्यपणाच आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तर १ जानेवारी २०२६ पासून तसा कायदाच लागू झाला. २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाने जाहिरात दिलेल्या जागेसाठी मुलाखत घेतली, तर शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे उमेदवाराला कळवावं लागतं. कायदा करावा लागला, यावरून हे किती जणांच्या वाट्याला येत असेल ते बघ.

आता एकच मेल पाठव, त्यांच्या शेवटच्या मेलला उत्तर म्हणून: ‘अमुक तारखेला माझी अंतिम फेरी झाली. निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे. पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मी या पदासाठी थांबणार नाही.’ रागाचं वाक्य नको, विनवणीही नको. शुक्रवार गेला की ती जागा तुझ्यापुरती संपली. या एका जागेच्या आशेवर तू बाकीचे अर्ज थांबवलेस, हे वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. ते आजच पुन्हा सुरू कर.

आणि ते घरून केलेलं काम! पुढे कोणी एवढं मागितलं तर ते कशासाठी वापरणार हे आधी विचार. तुझी कामाची पद्धत दिसेल इतकाच नमुना दे, पूर्ण आराखडा फुकट देऊ नकोस.

मोबाइलमधून मान वर न काढणारे ते साहेब तुझे रोजचे साहेब होणार होते, हेही ध्यानात घे.

पुढच्या मुलाखतीतून उठण्याआधी मात्र विचारून घे, निर्णय साधारण कधीपर्यंत होईल आणि त्यानंतर मी कोणाशी बोलू? नाव आणि मेल तिथल्या तिथे लिहून घे.

तुझी,
ताई