राजीखुशीने विकलेल्या जमिनीचा शेजाऱ्याला त्रास का होतो

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. पहिली, अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात फिरताना फाटकाफाटकावर 'काउबॉय वाचवा, अमेरिकन प्रेअरी रिझर्व्ह थांबवा' अशा पाट्या दिसल्या. ही संस्था निसर्गासाठी जमिनी विकत घेते, पूर्ण पैसे मोजते, विकणारा राजीखुशीने विकतो, मग बाकीच्यांचा एवढा राग कशासाठी? दुसरी, तुम्ही मित्र मिळून फलटणजवळ ४० एकर माळ घेऊन, कुंपण घालून झाडं लावायचं म्हणताय, तर तिथेही असाच विरोध होईल का? मी करमाळ्याकडची. मोंटानाच्या त्याच भागात नऊ वर्षं कुरणांच्या पाहणीचं काम केलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्यवहार समजून घ्या. अमेरिकन प्रेअरी ही संस्था २००१ मध्ये निघाली, पहिली जमीन तिने २००४ मध्ये घेतली आणि पुढच्या वर्षी १६ बायसन आणून सोडले. (बायसन म्हणजे आपला गवा नव्हे, तो वेगळा प्राणी.) सरकारी अभयारण्य आणि आसपासची सरकारी जमीन खाजगी रँचनी (गुरं पाळायच्या मोठ्या जमिनींनी) जोडत ३२ लाख एकरांचं सलग कुरण उभं करायचं, हे तिचं ध्येय. आज तिच्या हाताखाली पाच लाखांहून जास्त एकर आहेत. पण त्यातली थोडीच जमीन खरेदीखताची, बाकीची भाडेपट्ट्याची. तिकडे रँचच्या मालकीच्या जमिनीला लागून सरकारी चराई असते आणि तिच्या परवान्यावरचा पहिला हक्क त्या रँचच्या मालकाचा. रँच विकली की हा हक्कही नव्या मालकाकडे जातो. म्हणजे दहा हजार एकर विकत घेतले तरी ताबा कितीतरी जास्त जमिनीवर येतो. या सरकारी चराईचा दर २०१९ ते २०२५ अशी सात वर्षं एका गाय-वासराला महिन्याला १.३५ डॉलर होता. खाजगी कुरणाचा दर याच्या कितीतरी पट. शेजारच्या रँचरच्या दृष्टीने हा परवाना म्हणजे विहिरीतल्या पाण्याच्या हिश्श्यासारखा आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या खात्याने सुमारे ६३ हजार एकर सरकारी चराईवर गाईंऐवजी बायसन चारायला संस्थेला परवानगी दिली, तेव्हा राज्य सरकारच त्याविरुद्ध उभं राहिलं. त्याचं मूळ या परवान्यातच आहे.

पण रागाचं खरं कारण मला कागदात सापडलं नाही. ते एका डागणीच्या दिवशी कळलं.

मे महिन्याच्या शेवटी तिकडे वासरांना डाग देतात, म्हणजे तापल्या लोखंडाने मालकाची खूण उठवतात. माल्टा गावाच्या दक्षिणेला एका रँचवर मला बोलावलं होतं. आदल्या दिवशी पाऊस झालेला. तिथल्या चिकणमातीला 'गंबो' म्हणतात. ओली झाली की ती आपल्या काळ्या रानासारखीच चाकांना थरावर थर चिकटते आणि गाडी जागची हलत नाही. तरी पहाटे सहाला पाच घरची माणसं हजर. दोघे घोड्यावरून दोर टाकून वासरं मागच्या पायांनी ओढून आणतात, शाळकरी पोरं त्यांना दाबून धरतात, एक बाई लस टोचते, एक म्हातारा तापलेला डाग टेकवतो. जळक्या केसांचा वास दुपारपर्यंत कपड्यांतून जात नाही. मजुरी कुणालाच नाही. यजमानीण सगळ्यांना जेवू घालते, आणि पुढच्या शनिवारी ही सगळी मंडळी दुसऱ्याच्या रँचवर. आपल्याकडे ज्याला सावड म्हणतात, तीच ही. जेवताना तो म्हातारा म्हणाला, "माझ्या लहानपणी या रस्त्यावर नऊ घरं होती. आता आमची धरून चार. अजून दोन गेली तर डागायला माणसं भाड्याने आणावी लागतील, आणि ते मला परवडणार नाही."

विकणारा राजी असतो हे अगदी खरं. त्याचं वय झालेलं असतं, मुलं शहरात गेलेली असतात, त्याला चांगला भाव मिळतो आणि तो घ्यायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण सावड सातबाऱ्यावर नसते. ऑगस्टमध्ये गवत पेटतं तेव्हा सरकारी बंब यायच्या आत शेजारीच पिकअपवर पाण्याची टाकी चढवून धावतात. एक घर उठलं की एक टाकी कमी, शाळेतली दोन मुलं कमी, पशुवैद्याचं एक गिऱ्हाईक कमी. माल्टा ज्या फिलिप्स काउंटीत (जिल्ह्यात) येतं, तिथे १९२० मध्ये ९,३११ माणसं होती, २०२० मध्ये ४,२१७ उरली. एवढा मोठा मुलूख, पण चौरस मैलामागे पुरता एक माणूससुद्धा भरत नाही. अशा ठिकाणी एकेका कुटुंबाला किंमत असते.

आता संस्थेच्या बाजूचंही बोललं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. गावं रिकामी व्हायला सुरुवात तिच्या जन्माच्या ऐंशी वर्षं आधीच झाली होती. १९०९ च्या कायद्याने ३२० एकर फुकट मिळतील म्हणून लोक तिकडे लोटले आणि १९१७ नंतरच्या दुष्काळात हजारोंनी घरं सोडली. त्यानंतर त्या जमिनी गिळल्या त्या बऱ्याचदा मोठ्या रँचरनीच. संस्था जमिनीवरचा कर भरते. तिच्या जमिनीवर आजही बायसनपेक्षा स्थानिकांच्या भाड्याने चरणाऱ्या गाईच जास्त आहेत. आणि "आमच्या पूर्वजांची जमीन" हे वाक्य शेजारच्या फोर्ट बेलनॅप राखीव क्षेत्रातल्या आनिइह आणि नाकोडा लोकांसमोर म्हणून पाहावं. त्यांच्या पूर्वजांचं पोट बायसनवर होतं. १८८० च्या दशकात बायसन संपवले गेले आणि १८८८ मध्ये या लोकांना आखून दिलेल्या तुकड्यात कोंडलं गेलं. त्यांनी स्वतः बायसन परत आणलेत. त्यांना त्या पाट्या कशा दिसत असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

तरीही मला त्या म्हाताऱ्याचं पटतं, कारण दुसरा रस्ता त्याच काउंटीत आहे. द नेचर कन्झर्व्हन्सी या दुसऱ्या निसर्गरक्षण संस्थेने २००० मध्ये तिथली मेटाडोर रँच घेतली, जवळपास ६० हजार एकर. थोड्याच दिवसांत दुष्काळ पडला. तेव्हा संस्थेने कुरण बंद न करता आसपासच्या रँचरना कमी दराने चराई देऊ केली. अट एवढीच, की त्यांनी आपल्या स्वतःच्या रँचवर गवताळ जमीन नांगरायची नाही, उपद्रवी तण हटवायचं. कुणी आपल्या रानात सेज ग्राउस पक्ष्यांची नाचायची जागा राखली, प्रेअरी डॉगची (हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला प्राणी) बिळं राहू दिली, तर सूट आणखी वाढते. त्याला गवताची बँक म्हणतात. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या सीमेवर मालपाई गटातल्या रँचरनी नव्वदच्या दशकात ही कल्पना रुजवली होती. मेटाडोरमुळे संस्थेने घेतलेल्या जमिनीच्या कितीतरी बाहेर, दोन लाखांहून जास्त एकरांवर गवत राखलं गेलं, आणि त्यासाठी एकही घर उठलं नाही. मी तिथल्या कुंपणांची मापं घेतलीत. खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून दीड फूट वर, कारण प्राँगहॉर्न हरीण सहसा उडी मारत नाही, तारेखालून सरपटत जातं. ती तार रँचरनी स्वतःच्या हातांनी वर घेतली होती.

उलटं काय होतं ते आम्ही करमाळ्यात पाहिलंय. १९७९ मध्ये माळढोकसाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं आणि त्यात लोकांची शेतं, घरं, गावंच्या गावं आली. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. पण मधल्या काळात माळढोक म्हटलं की आमच्याकडे लोकांना पक्षी आठवायचा नाही, अडलेलं खरेदीखत आठवायचं.

आता तुमचे ४० एकर. झाडं लावू नका, अशी कळकळीची विनंती आहे. माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. कुसळी, पवना, मारवेल ही गवतं, त्यावरची चिंकारा, लांडगे, धाविक आणि चंडोल पक्षी हे सगळं उघड्या माळावर जगतं, सावली वाढली की जातं. सलग कुंपणही घालू नका. घालायचंच झालं तर बांधावरच्या जुन्या वाटा मोकळ्या ठेवा.

आणि विसार देण्याआधी एक पावसाळा तिथे जाऊन बघा, त्या माळावर मेंढरं कुणाची उतरतात ते. फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तुम्ही जमीन बघायला जाल हिवाळ्यात, गावात बैठक घ्याल हिवाळ्यात, सगळे हो म्हणतील आणि ज्याचा वाडा (मेंढरांचा तळ) दरवर्षी तिथे पडतो तो तेव्हा रोह्याकडे असेल. त्याला जूनमध्ये गाठा. किती मेंढरं, किती दिवस, पाणी कुठे, हे त्याच्याकडून ऐका आणि चराईचा करार त्याच्या नावाने लेखी करा.