मुलाचे 4 मार्क आणि माझे 15

प्रश्न : नमस्कार ताई, माझा मुलगा 27 वर्षांचा आहे, इथेच इंदूरला नोकरी करतो, दोन वर्षांपासून मोबाईलवर क्रिकेटवर पैसे लावतो. त्याला पीजीएसआय नावाची, जुगाराचा त्रास किती आहे ते बघणारी नऊ प्रश्नांची टेस्ट भरायला लावली तर 4 मार्क आले, म्हणे बघ आई, मी नॉर्मल आहे. मग त्याच्या वतीने मीच भरली तर 15! मुंजीतली चेन त्याने सराफ्यात गहाण टाकलीय हे मला चुकून कळलं, तरी 'उधार घेतलं का, काही विकलं का' यापुढे 'कधीच नाही' लिहिलंय. खरं काय मानू?
– एक आई, इंदूर

उत्तर : काकू, पहिली गोष्ट, 4 म्हणजे नॉर्मल नाहीच. ही टेस्ट 27 मार्कांची असते, त्यात 3 ते 7 म्हणजे मध्यम धोका आणि 8 पासून पुढे गंभीर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उत्तरांनीसुद्धा तो धोक्यातच आहे.

आता चेनचं. तो खोटं बोलला असेलही, पण मला असं वाटतं की त्याच्या मनात गहाण टाकणं म्हणजे विकणं नाहीच, जिंकलो की सोडवून आणू असंच ही मुलं धरून चालतात. 'जुगार' शब्दाचंही तेच, त्यांच्या लेखी जुगार म्हणजे दिवाळीतली तीन पत्ती, अ‍ॅपवर तर 'टीम लावतो' ना! स्वतः भरायच्या टेस्टची हीच अडचण, शब्द अंगाला लागला नाही की माणूस सरळ 'नाही' वर टिक करतो. 1987 साली आलेल्या सॉग्ज नावाच्या जुन्या टेस्टमध्ये म्हणूनच पैसे कुठून आणले ते एकेक करून विचारतात, घरखर्चातून, नातेवाइकांकडून, बँकेतून, क्रेडिट कार्डावर, सावकाराकडून. पण ती सरसकट सगळ्यांना दिली तर ज्यांना त्रास नाही अशीही बरीच माणसं अडकतात.

तुमचे 15 मात्र मार्क म्हणून धरू नका, कारण टेस्टमधल्या 'अपराधी वाटतं का' अशा प्रश्नाचं उत्तर फक्त त्यालाच माहीत. पण तुम्ही डोळ्यांनी जे पाहिलंत ते डॉक्टरांना हवंच असतं, कधी किती पैसे गेले, कधी खोटं बोलला, तारखांसकट वहीत लिहून ठेवा.

टेस्ट ही नुसती चाळणी आहे हो, निदान मानसोपचारतज्ज्ञच करतात. डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात जुगाराच्या व्यसनाची नऊ लक्षणं दिलीयत, हरलेलं भरून काढायला पुन्हा लावणं, लपवणं, न खेळता चिडचिड होणं वगैरे, त्यातली 12 महिन्यांत चार किंवा जास्त दिसली तर ते व्यसन धरतात, आणि मॅनियाच्या, म्हणजे मन अतिउत्साहात जाण्याच्या आजाराच्या झटक्यात हे होत नाहीये ना तेही बघतात. एम.वाय. हॉस्पिटलमध्ये किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात दाखवा. 'तुला पकडलं' असं म्हणून नेऊ नका, तो तिथेही 4 मार्कांचीच उत्तरं देईल.

आणि जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का, हे त्याला आजच सरळ विचारा, विचारल्याने काही तसं डोक्यात शिरत नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर रात्री-अपरात्रीही चालू असतो. चेनची पावती सापडली तर तीही वहीत ठेवा.