कॅमेरे दोन पुरेत, पण आधी कपाटातली रोकड हलवा

तुमचा प्रश्न एवढाच आहे: घरासाठी चार कॅमेऱ्यांचा संच घ्यावा की दोनांत भागेल? संच एका पगाराएवढ्या किमतीचा, क्लाउडची तीन वर्षांची वर्गणी वेगळी, आणि पैसे क्रेडिट कार्डावर, ‘दर महिन्याला किमान रक्कम भरत राहू’ या हिशेबाने. पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही जाता जाता लिहिता की कपाटात आठ पगारांएवढी रोकड आहे, म्हणून कॅमेरे हवेत.

कॅमेऱ्यांचे आधी उरकतो. दोन घ्या, एक मुख्य दारावर, दुसरा मागच्या बाजूला. १०८०पी कॅमेरा एच.२६५ या चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धतीने साधारण २ मेगाबिट प्रतिसेकंद साठवतो, म्हणजे दिवसाला २२ जीबीच्या आत. दोघांचे ४५ धरा. १ टीबीच्या डिस्कवर तीन आठवड्यांचे चित्रण सहज मावते, हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग ठेवलेत तर बरेच जास्त. क्लाउडची वर्गणी कशाला? रेकॉर्डर सहज हाती लागणार नाही अशा जागी ठेवा, राउटरला छोटा यूपीएस द्या आणि पहिल्याच दिवशी मूळ पासवर्ड बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक सॉफ्टवेअरने असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले ते न बदललेल्या पासवर्डमुळेच. ‘कॅमेरा चोर ओळखून थांबवेल’ असे विक्रेता म्हणाला असेल, तर ती निव्वळ थाप आहे. कॅमेरा फार तर कळवतो. दार तोडायला लागणारा वेळ चांगले कुलूप वाढवते, ते आधी बसवा.

आता कपाट. महागाई ६ टक्के धरली तर आठ पगारांची किंमत वर्षाला जवळजवळ अर्ध्या पगाराने घटते. दोन वर्षांत जवळजवळ अख्ख्या संचाएवढे पैसे गेले, आणि चोर घरात आलासुद्धा नाही! त्यात कार्डाचे व्याज महिना ३ टक्के असेल, तर एका पगाराच्या थकबाकीवर वर्षात तिसरा हिस्सा व्याजातच जातो. किमान रक्कम भरून मुद्दल जेमतेम हलते. स्वतःचे पैसे शून्य टक्क्याने कोंडून ठेवायचे आणि त्यांच्या राखणीसाठी ३६ टक्क्यांनी कर्ज काढायचे, हे मला अजिबात मान्य नाही. आग लागली तर कॅमेरा नोटा जळताना टिपेल. आणि घरविम्यात रोकडीला बहुधा संरक्षण नसते, असलेच तर अगदी थोडे.

तुम्ही बँकेला का घाबरता, तेही पत्रात आहे. ‘ठेवीसारखीच’ म्हणून तुमच्या गळ्यात दीर्घ मुदतीची विमा पॉलिसी मारली, मोडायला गेलात तेव्हा निम्मेच हाती आले. ती फसवणूकच होती, तुमचा राग रास्त आहे. पण ते उत्पादन विम्याचे होते. साधी मुदत ठेव वेगळी असते: दर आधी ठरतो, मोडली तर सहसा थोडे व्याज कापले जाते. ठेव विम्याची मर्यादा, म्हणजे बँक बुडाली तर किती रकमेपर्यंत भरपाई मिळते, ते विचारा, रक्कम तिच्यावर जात असेल तर दोन बँकांत विभागा.

अर्धा पगार घरात राहू द्या. तीन पगार बचत खात्यात, साडेतीन छोट्या छोट्या ठेवींत, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. उरलेल्या एका पगारातून दोन कॅमेरे आणि कुलूप रोखीने घ्या. विक्रेत्याला चार कॅमेऱ्यांच्या संचासाठी आगाऊ रक्कम दिली असेल, तर ती परत मिळते का ते या आठवड्यातच विचारा.