"मुलगी ढोलकी वाजवते, लग्न कसं होणार?"

हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनात वर्षातून दोनतीनदा तरी येतो, वाद्य बदलतं फक्त, कधी तबला असतो कधी ड्रम्स. यावेळी विचारणारा बाप स्वतःच ढोलकीवाला होता म्हणून सांगते, नाव आणि गाव बदललंय.

तीस वर्षं ऑर्केस्ट्रात आणि लावणीच्या पार्टीत वाजवलेला माणूस. मुलगी मीनल, वय २३, बीकॉम. ढोलकी त्यांनीच शिकवली, घरी पाहुणे आले की कौतुकानं वाजवायला बसवायचे आणि आता तिनं एका ग्रुपबरोबर सुपाऱ्या, म्हणजे पैसे घेऊन प्रोग्रॅम, घ्यायला सुरुवात केली तर बापलेकीत महिनाभर बोलणं बंद. आई दोघांना घेऊन आली.

ते म्हणाले, "मॅडम, बाईच्या हातात ढोलकी शोभत नाही. लोक काय म्हणतील." मी म्हटलं, लोकांचं नंतर बघू, तुम्हाला स्वतःला झोप कशानं लागत नाही ते सांगा. बराच वेळ गप्प बसले, मग एकदम सुरू झाले. रात्री दोनला प्रोग्रॅम सुटतो, गाडी कुठल्यातरी धाब्यावर थांबते, मुक्कामाला एकच खोली असते, बाथरूमला कडी नसते, समोर पिऊन आलेली पोरं असतात. हे सगळं त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं हो! ही भीती खरी आहे आणि मीनलला मी हेच सांगितलं की बाबांना मागासलेले म्हणून मोकळी होऊ नकोस. पण त्यांनाही विचारलं की तुमचा पुतण्या याच ग्रुपमध्ये कीबोर्ड वाजवतो, तोही त्याच गाडीतून रात्री दोनला येतो, त्याला कोणी काही विचारलं का? यावर ते काही बोलले नाहीत.

शोभण्याबद्दल मात्र मी थोडा वाद घातलाच, कारण माणूस नाट्यसंगीताचा वेडा. म्हटलं दादा, बालगंधर्व शालू नेसून उभे राहायचे तेव्हा ते शोभलं ना, बायका त्यांची नेसण बघून लुगडं नेसायच्या. तमाशात नाच्या असतो तो पुरुषच. लताबाईंनी १९६५ च्या 'साधी माणसं'ला संगीत दिलं ते आनंदघन या नावानं, तेव्हा त्या चाली बाईच्या म्हणून कोणाला खटकल्या? तबल्यात आबान मिस्त्री होऊन गेल्या, अल्लारखांकडे शिकलेल्या अनुराधा पाल आहेत आणि आता गणपतीत पुण्याच्या पथकांत कमरेला ढोल बांधलेल्या मुली किती असतात. ते नुसते मान हलवत होते, पटलं असं काही वाटलं नाही मला.

दुसऱ्या भेटीत वेगळंच निघालं. बोलता बोलता मीनल म्हणाली की बॅनरवर फोटो तिचाच मोठा असतो, "लेडी ढोलकीपटू" म्हणून, पण नाईट, म्हणजे एका प्रोग्रॅमचे पैसे, मिळते १५०० आणि तिच्या आधी वाजवणाऱ्या मुलाला २५०० मिळायची. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर बाबा म्हणतील बघ, म्हणून सांगत होतो. पण बाबा तसं म्हणालेच नाहीत, त्यांनी एकदम तिचा उजवा हात ओढून टेबलावर घेतला, बोटांवरची पांढरी चिकटपट्टी सोलून काढली आणि घट्टे बघत बसले. "करंगळी अजून वाकडी पडते तुझी," म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "पण हात तयार आहे मॅडम, हजार रुपये कमी का म्हणून?"

मला विचाराल तर अशा घरांत आईबापांनी आधी हेच करावं, भीती वेगळी काढावी आणि "मुलगी आहे म्हणून" वेगळं काढावं. गाडी, खोली, कडी, परत यायची वेळ हे सगळं मालकाशी बोलून ठरवता येतं. लग्नाचंही मी स्पष्टच सांगितलं की जे स्थळ ढोलकी सोड म्हणेल ते आजच कळलेलं बरं.

तिसऱ्या भेटीला मीनल एकटीच आली. मालकाशी ती स्वतः बोलली होती, बाबा बाहेर स्कूटरवर बसून होते, आत आले नाहीत. नाईट २२०० वर आलीय, ३०० साठी भांडण चालू आहे, मुलींना वेगळी खोली मिळाली. आईला अजूनही स्थळाची काळजी आहे, पुढच्या वेळी ती एकटी येणारे. आणि बाबा सुपारीच्या आदल्या रात्री ढोलकीच्या कड्या स्वतः आवळून ठेवतात, तिच्याशी अजून फार बोलत नाहीत.